जिंकेल त्यानं ‘घेतलं’ म्हणायचं

२३ ऑगस्ट, शनिवार

पोहोचलो एकदाचा नागपुरात! स्टेशनवरून निघालेली रिक्षा महाल नावाच्या जुन्या वस्तीत शिरली आणि अडकली, कारण आज मारबतीची मिरवणूक. कागद-बांबूच्या दोन अवाढव्य बाया, एक काळी, एक पिवळी, आणि अख्खं गाव त्यांच्यामागे घसा फोडतंय, ‘रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!’ म्हणजे गावाची सगळी पीडा त्या बाईच्या अंगावर टाकायची आणि वेशीबाहेर नेऊन तिला जाळायची. आमच्या नाशकात असलं काही नाही. मीही बॅग मांडीवर धरून चार आरोळ्या ठोकल्या. रिक्षावाला म्हणाला, पहिल्याच दिवशी मारबत दिसली साहेब, नशीबवाले आहात.

घर मात्र साफ निराशा करणारं. जन्मभर भयकथा वाचलेल्या माणसाला घर कसं हवं? करकरणारा जिना, बंद खोली, गेला बाजार एखादं वटवाघूळ. इथे चकचकीत फरशी, स्टीलचा कठडा आणि दारात टाटा करणारं प्लास्टिकचं मांजर. मालक मनोहरराव, सत्तरीचे, दिसतं फार कमी, पण बोलायला खमके. त्यांच्या बायको इंदूबाई सतत खोकतात आणि खोकता खोकता खाऊ घालतात. आल्या आल्या तर्री-पोहे समोर. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाल्या, बाप्पा, एवढ्यात रडून राहिला काय गा!

सोमवारपासून मिहानातल्या आयटी कंपनीत नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या. लोकांच्या चुका काढायचे पैसे मिळतात म्हटल्यावर आणखी काय पाहिजे!

२६ ऑगस्ट

संध्याकाळी खाली टीव्हीसमोर बसतो. सातची मालिका. हरवलेली जुळी बहीण, स्मृती गेलेला नवरा, पदराआड विषाची बाटली लपवणारी आत्या. मनोहररावांना चित्र नीट दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं म्हणे. म्हणून ते कानांनी मालिका बघतात आणि जाहिरात लागली की शर्त लावतात, पुढे काय होणार.

मला हे म्हणजे मांजराला दुधाची राखण. मला मालिकांचा राग यासाठी येतो की लेखक आळशी असतात. आत्याचा चेहरा दोनदा जवळून दाखवला की बाटली सापडणार, दार वाजलं की पाहुणा नको तोच. मी धडाधडा सांगत सुटलो आणि सगळं तसंच झालं. मला सांगितल्याशिवाय राहवतच नाही. शाळेत असताना पुस्तकाचा शेवट सांगितला म्हणून मार खाल्लाय मी.

या घरात पैसा लावायचा नाही, लक्ष्मी रुसते. मग लावायचं काय? तर आपापलं दुखणं! इंदूबाई म्हणाल्या, मी माहा खोकला लावते. मी डासाचा चावा लावला. जिंकलो. नियम असा की जिंकणाऱ्यानं हरलेल्याचं दुखणं घ्यायचं आणि मोठ्यानं ‘घेतलं’ म्हणायचं. मी राजासारखा म्हणालो, घेतलं! हसून हसून पोट दुखलं. मारबतीच्या गावचा जुगारही मारबतीसारखाच.

३० ऑगस्ट

खोकला. जेवण संपायच्या आतच सुरू झाला होता त्या दिवशी, अजून हटत नाही. हवापालट, दुसरं काय. इंदूबाई ठणठणीत झाल्या आहेत आणि सकाळी भजनं म्हणतात. वाईट म्हणतात, पण म्हणतात.

गार्गीला फोन केला. माझी धाकटी बहीण, वेडी माझ्यासारखीच, फक्त मी वाचतो आणि ती काढते. भयकथांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं. पहिलं काम मिळालंय तिला, एका प्रकाशकानं तीन मुखपृष्ठं मागितली आहेत. आई म्हणते, रात्रंदिवस डोळे फोडत बसते कागदावर. बसू दे की! लहानपणी मीच तिला शिकवलं, गोष्ट अर्ध्यात थांबवायची आणि पुढचं ओळखायचं. आता ती माझ्याही पुढे गेली.

तिच्याशी वाद झाला. मी म्हणतो, भयकथेतला नायक मुळात बावळट असतो. घरात काहीतरी आहे हे कळूनही पळत का नाही? बूड हलव की लेका! आणि रोजनिशीतल्या भयकथा तर डोक्यातच जातात. भूत दारात उभं आणि हा लिहितोय ‘ते आलं—’. अरे, पेन टाक आणि पळ! गार्गी म्हणाली, ज्याला पळता येत नाही तोच लिहितो दादा.

जुगाराबद्दल माझं मत पक्कं आहे. पत्ते, लॉटरी, क्रिकेटवरचा सट्टा, सगळा गाढवपणा. पत्ता कुणाच्या बापाचा नसतो. पण गोष्ट लेखकाची असते आणि लेखकाची खोड मला ठाऊक असते. मी जुगार खेळतच नाही, मी फक्त बरोबर असतो.

९ सप्टेंबर

काल मनोहररावांचा गुडघा जिंकलो. खरंच लिहितोय. आज जिना चढताना कठडा धरावा लागला. म्हातारा सकाळी पायी चिटणीस पार्कापर्यंत जाऊन आला. योगायोग. डास चावलेलं मात्र अजून माझंच खाजतंय. आत्तापर्यंत एकदाही हरलो नाही ना.

एक विचित्र वाटतं. ही दोघं वर्षानुवर्षं मालिका बघतात आणि अंदाज इतके भिकार कसे? आत्या पाया पडून माफी मागेल म्हणे! त्या आत्यानं?

१८ सप्टेंबर

आज मनोहरराव म्हणाले, मी माहे डोळे लावतो गा. इंदूबाईंची हातातली भाजी निवडायची थांबली. पण पडद्यावर जुळी बहीण विहिरीकडे निघाली होती आणि तिला ढकलणारा तिचा नवराच, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. सांगून टाकलं. तसंच झालं.

म्हातारा वाट बघत बसला. मी म्हणालो, घेतलं.

१९ सप्टेंबर

ऑफिसात दारावर आदळलो, डाव्या बाजूचं दारच दिसलं नाही. रात्री घरी आलो तर मनोहरराव माझ्या खोलीत उभे, माझं पुस्तक हातात धरून वाचत होते. चष्म्याशिवाय. मला बघून रडले. म्हणाले, अक्षरं कशी मुंगीवाणी सुंदर असतात गा, विसरलोच होतो.

भीती वाटली. पहिल्यांदा सरळ लिहितो, भीती वाटली.

२५ सप्टेंबर

काचबिंदू. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. या वयात इतका पुढे गेलेला त्यांनी पाहिला नाही म्हणे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही झपाट्यानं चालली आहे. थेंब दिलेत. दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला खाली गेलो आणि मनोहररावांची गचांडीच धरली. त्यांनी सोडवायचाही प्रयत्न केला नाही. म्हणाले, कोणी जबरदस्ती केली काय तुह्यावर? तूच जितला, तूच घेतलं म्हटलं. मी विचारलं, तुमच्याकडे कुठून आली ही पीडा? मग म्हणाले, मले माह्या मोठ्या भावानं देल्ली. याच खोलीत. आपलं माणूस काही लावून राहिलं तर कोण नाही म्हणते गा?

भाऊ नंतर कधी या घरात आला नाही. म्हातारा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला द्यायला वर्षानुवर्षं भाडेकरू ठेवत गेला, पण कुणाचाच अंदाज धड निघेना. मग मी आलो. शहाणा.

मी म्हटलं, आत्ता घर सोडतो. म्हणाले, जा, पण पीडा याच घरात फिरते. बाहेर नेली तर जन्मभराची तुझी.

बावळट नायक पळत का नाही, ते कळलं.

७ ऑक्टोबर

परत द्यायची तर मला हरायला हवं आणि त्यांनी जिंकायला. मुद्दाम चुकीचं सांगितलं. म्हटलं, आत्या पाया पडून माफी मागेल. माझे डोळे लावले.

आत्यानं माफी मागितली. पाया पडून! भिकार, भिकार लेखक! मनोहररावांनी तर अंदाज सांगितलाच नाही, नुसते हसले. त्यांना आता शर्त लावायची गरजच काय.

१४ ऑक्टोबर

नोकरीवर रजा. वहीवर पट्टी ठेवून तिच्या कडेनं लिहितोय, ओळी एकमेकींवर चढत असतील. नळी आणखी अरुंद झाली. पुस्तकं उघडून वास घेतो नुसता. आईला कुठून कळलं कोण जाणे. गार्गी दिवाळीला इकडे येणार म्हणते. मी फोनवर ओरडलो, येऊ नकोस. ती म्हणाली, गप बस रे, भाऊबीज काय फोनवर करू?

२० ऑक्टोबर

आली. चेहरा मधल्या ठिपक्यात धरून धरून बघितला. दमलीये. बोटांना शाई. पहिलं मुखपृष्ठ छापून आलंय, माझ्या हातात दिलं. नुसता काळा कागद दिसला. म्हटलं, सुंदर.

नियम तिला सांगितला नाही. सांगितला तर हसेल. हसली तर खेळेल.

२१ ऑक्टोबर

ती टीव्हीसमोर बसली. एकेक प्रसंग आधीच सांगत गेली, सगळे बरोबर. माझ्यासारखीच, जीभ आवरत नाही.

मनोहरराव माझ्या कानाशी. पोट्टी हुशार आहे गा.

त्यांना शिवी दिली. आईची शपथ, मी तोंड उघडणार नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज काहीच नाही. उजेड, अंधार, एवढंच. पेन कुठे टेकतंय कळत नाही. इंदूबाईंनी अंगणात दिवे लावले आणि म्हणाल्या, इडा पीडा टळो. गार्गी पण म्हणाली. माझा हात धरून.

हा हात धरून जन्म काढायचा? तिचा हात. तिचा चित्रं काढायचा हात.

तोंड उघडणार नाही. उघडणार ना—

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आंधळ्यासारखं लिहितो. आंधळाच.

गार्गीनं ओवाळलं. ज्योत जवळ आली, गालाला ऊब लागली, दिसली नाही. टीव्ही चालू. कुणीतरी मुद्दाम मोठा केला. जाहिरात. गार्गी म्हणाली, नवरा कबूल करणार बघ, लाव शर्त. मनोहरराव म्हणाले, इथं दुखणं लावतेत बाई, पैसा नाही, अन् जितला त्यानं ‘घेतलं’ म्हणायचं. ती हसली. अय्या, मस्तच की! दादा, तू काय लावतोस? ओवाळणी समज माझी.

मी गप्प होतो. देवाशपथ गप्प होतो. मग—

माझाच आवाज. माझे डोळे लावतो, म्हणाला.

ती एकदम थांबली. हसली नाही. केसांतून हात फिरवला माझ्या. खेळ म्हणून नाही म्हणाली ती. मला वाटतं नाही. जिंकायच्या आधीच, हळू म्हणाली, घेतलं रे दादा.

नको म्हणायला हवं होतं. अजून जाहिरात चालू होती. नवऱ्यानं कबूल करायच्या आधी म्हणता आलं असतं. खूप वेळ होता. मी मोजला नाही. मी वाट बघत बस—

तीच रात्र, जेवणानंतर

दिसतंय.

पट्टीशिवाय लिहितोय. ओळ सरळ आहे. शाई निळी आहे, मी काळी समजत होतो. वरच्या ओळी बघितल्या, सगळ्या एकमेकींवर चढलेल्या.

टेबलावर तिचं मुखपृष्ठ. दार आणि दाराआडून आलेला हात. इतका बारीक हात, नखांवरच्या रेघा पण काढल्यात. केवढं सुंदर काढलंय गं गार्गी. केवढं—

ती खाली बसली आहे. ट्यूब जळतेय. जिन्याच्या तोंडाशी येऊन बघितलं, ट्यूबचा सगळा उजेड तिच्या तोंडावर. तिनं हात पुढे केला, हवेत चाचपला. मान वर करून विचारलं, दादा, लाईट गेली का रे?

म्हणालो, हो गं. गल्लीचीच गेली. येईल इतक्यात.

बरं, म्हणाली. शहाण्यासारखी हात मांडीवर घेऊन बसली. इंदूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी वर पळालो, वही उघडली, काय करू दुसरं, आता मला पळता येतं, जिना दिसतो, स्टेशन कुठे आहे ते माहीत आहे, आणि खालून ती विचारतेय, हसत नाही आता, आवाज बारीक झालाय तिचा, पुन्हा विचारतेय, दादा, मग टीव्ही कसा काय चालू—