आजीचा कागद

४ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. गुडघे सोडून इकडे सगळं ठीक.

तुझं रडगाणं वाचलं. कारखान्यात लिफ्टचं पॅनेल तुझ्याइतकं बारकाईने कुणी तपासत नाही, आणि तुझी साहेबीण तुलाच बेफिकीर म्हणते! का, तर ती चालता चालता पाच कामं सांगते आणि तुझ्याकडून दोनच होतात. महिनाअखेर तुला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार म्हणे. आणि तू? मान खाली घालून 'सॉरी'! अगं, तोंडी सांगितलेलं तुझ्या डोक्यात टिकत नाही, लिहिलेलं जन्मात पुसत नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय ना? मग ते पत्र ट्रंकेत झोपवायला दिलंय का? साहेबिणीला सांग, मला लिहून द्या. भीक नाही मागत, हत्यार मागतेस.

तू आठ वर्षांची असताना ओरडून ओरडून माझा घसा बसला. साठीला टेकल्यावर मी तुला लिहून देता यावं म्हणून शेजारणीकडे जाऊन अक्षरं गिरवली, ती काय हौस म्हणून?

लोभ आहेच. तो वाढवायला मला सवड नाही.
आजी

३० मार्च

ती. आजीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आजी, आधी बस. बसलीस? सांगितलं मी साहेबीणबाईंना! डॉक्टरांचं पत्र तीन पानी आणि जडजड शब्दांचं. बाई म्हणाल्या, म्हणजे मी नेमकं करायचं काय? मग पाकिटातून तुझा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. तोच गं, शाळेच्या वेळी दारावर असायचा: १ दात, २ डबा, ३ बूट, ४ कुलूप, ५ पळ.

बाई हसल्या, मग त्यांनी तो पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पांढरा फळा! माझी कामं एकाखाली एक. दोन आठवड्यांत एकही राहिलं नाही. माझं लक्ष उडवणारी, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबही बदलली. आणि गंमत ऐक. म्हातारे फिटरकाका म्हणाले, माझीही कामं लिहा. मशीनच्या आवाजात वीस वर्षं त्यांना निम्मंच ऐकू यायचं, नुसती मान हलवायचे! आता सगळ्यांचीच कामं फळ्यावर असतात.

काल मला कायम केलं, आजी! आणि तुझा कागद बाईंनी फळ्याच्या वर चिकटवलाय.

तुझा राग असाच राहू दे.
भिंगरी

३ एप्रिल

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून उठले ती थेट शेजारणीच्या दारात, गुडघ्यांची आठवणच राहिली नाही. तिला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती कंटाळली होती, तरी दाखवलं.

पण अकलेच्या कांद्या, तो कागद भिंतीवर? वाकडंतिकडं अक्षर, कोपऱ्यात तेलाचा डाग! कारखानाभर माझी शोभा. सोबत नवा पाठवतेय. ओळी पट्टीने आखल्यात, चार कागद फाडून हा पाचवा. हा लावा आणि जुना मला परत पाठव, तो माझा आहे.

खाली एक ओळ वाढवलीय: ६ ऐकू आलं नाही तर मान हलवू नये.

ती तुझ्यासाठी नाही. फिटरकाकांना दाखव.

आजी