यमूचा धडा

श्रावण शु. ९
इकडचे पत्र आले. अर्थात मामंजींच्या नावे. बायकोच्या नावे पत्र कसे यावे! मामंजी ओसरीवर मोठ्याने वाचतात, मी स्वयंपाकघराच्या दाराआड. माझा उल्लेख 'घरची सर्व मंडळी' यात. शेवटी यमूसाठी शास्त्राचा धडा. नागपुरास कॉलेजात शिकतात ते धाकट्या बहिणीलाही यावे म्हणून. आजचा: 'शक्ती नाश पावत नाही, फक्त रूप बदलते.' सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. "नागपुरात जाऊन देवीच्या नादी लागलं वाटते पोरगं. बरं झालं!" मी तोंडात पदर कोंबला.

श्रावण व. २
यमू धडा घोकते. लाकडातली शक्ती चुलीत उष्णता होते, उजेड होते. खाल्लेली भाकर हातापायांचे चालणे होते. सकाळी दळण संपल्यावर जात्याला हात लावून पाहिला. गरम. माझ्या हातांचा जोर गेला तो इथे. इतकी साधी गोष्ट, आजवर कोणी सांगितली नाही. सांगणारा समोर असता तर... लग्नाला तीन वर्षे झाली. समोरासमोर बसून बोललो असे फार थोडे.

भाद्र. शु. १२
नवा धडा. उंचावरच्या दगडात शक्ती साठून असते. बाहेरून दिसत नाही, सुटला की कळते. 'आपल्या तळ्याच्या उंच काठावरचा धोंडा आठव.'
यमू त्या धोंड्याशी कधी गेलीच नाही! तळ्यावरून पाणी आणताना मी तिथे घागर टेकवते. मागच्या उन्हाळ्यात तिथेच इकडच्या स्वारीने ओंजळभर पाणी मागितले होते. आजूबाजूला कोणी नव्हते.
मग हा धडा कोणाला? उगाच मनात मांडे खायचे नाहीत.
फार आठवण येते.

भाद्र. व. ६
यमूचे बोट विळीवर कापले. "वैनी, दादाले उत्तर तूच लिहून दे नं." मामंजींनीही 'लिहा' म्हटले. यमूने सांगितले ते सगळे लिहिले. खाली एक प्रश्न माझा, तिच्या नावाने: दगड फार दिवस तसाच राहिला, तर आतली शक्ती कमी होते का? तिला वाचून दाखवला. म्हणे, "हाव, हे तं मलेबी विचारायचंच होतं!"
टाक धुऊन ठेवला, बोटांवरची शाई तशीच राहू दिली.

आश्विन शु. ४
यमूचे लग्न ठरले. मामंजी म्हणाले, "आता धडे पुरे. सासरी काय दगड उचलून दाखवणार हाये?" यमू रडली. मला तीही सोय नाही. तो एकच धागा होता.

आश्विन व. १
पत्र. दिवाळीस येणे नाही, प्रयोगाचे काम आहे. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी भाकरी थापत राहिले, एक करपली.
धडा दोन ओळींचा. मामंजींनी वाचला: 'किती दिवस राहिला याचा संबंध नाही. उंची तीच तर शक्ती तितकीच, शंभर वर्षांनीसुद्धा.' मग थांबले. चष्मा पुसला. पुढचे हळू वाचले: 'यमूचे अक्षर या वेळी निराळे दिसले. यापुढची उत्तरे याच अक्षरात यावीत.'
'धडे पुरे' असे मामंजी या वेळी म्हणाले नाहीत. पत्राची घडी केली आणि यमूच्या हाती न देता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून बाहेर गेले.
उत्तरासाठी मामंजींकडे दौत-टाक मागावा का? यमूचे बोट तर केव्हाच बरे झाले.