अळणी डबे

सोमवार, ४ मार्च
धाकट्याला नेलं पोलिसांनी. मी भाजी चिरत होते, हातात सुरी तशीच. त्याच्या गादीत नशेच्या गोळ्या निघाल्या. विकायचा म्हणे! माझा मुलगा!

जाताना मिठाच्या पुड्याही नेल्या. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना आम्ही डबे देतो. निम्म्यांना बीपी, म्हणून स्वयंपाक अळणी आणि मीठ ज्याचं त्याला वेगळं, डॉक्टर सांगेल तेवढंच. पुड्या बांधायचा धाकटाच, डबे पोचवायचाही तोच. फौजदार म्हणाले, पांढरी पूड आहे, तपासायला पाठवावी लागेल. डब्यांच्या आडून याने काही पोचवलं तर नसेल?

मंगळवार, ५ मार्च
कोठडीतून फोन. "आई, डब्यांत मी काही घातलं नाही गं." फोन आपटला. वर्षभर थापाच ऐकतेय.

भाजीवालीने डब्यांसाठीची फुकटची भाजी बंद केली. डब्यांना मदत करणाऱ्या मंडळाचे लोक म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत स्वयंपाकघराला कुलूप लावा. सून म्हणाली, आधी मला कोंडा, मग लावा. आणि डबे घेऊन स्कूटरवरून गेलीसुद्धा! अशी बायको मिळाली, धाकट्याने नशीब काढलं, त्याला कळलं नाही एवढंच.

शुक्रवार, ८ मार्च
वाटलं होतं, अन्न कुत्र्याला घालतील. सगळे डबे चाटूनपुसून परत! ओट्याला टेकून रडले.

तक्रार एकच. पोलिसांनी सांगितलंय, तूर्त पुड्या बांधू नका. मग सगळंच अळणी. आमचा डबा खाणारे पोस्टमनकाका, रिटायर झाले तरी आवाज तोच खणखणीत. सुनेला दारात अडवून म्हणाले, "पोरगा नेला ते त्यांचं काम. माझं मीठ कशाला नेलं?" तिने नक्कल करून दाखवली. रडता रडता हसायला लागले मी.

गुरुवार, १४ मार्च
आज कहर! काका चार म्हाताऱ्यांना घेऊन काठ्या आपटत चौकीवर गेले. मीठ परत द्या म्हणे! फौजदारांनी कायदा समजावला, काकांनी त्यांना बीपी समजावलं. शेवटी बिचाऱ्याने पदरचे पैसे घालून सीलबंद मिठाची पिशवी शिपायाबरोबर धाडली.

भाजीवालीची आईही त्या चौघांत होती. संध्याकाळी भाजीवाली दारात फ्लॉवरची टोपली ठेवून गेली. सून टोपली डोक्यावर घेऊन नाचली. पोट दुखेपर्यंत हसलो.

हसता हसता तो आठवतो. भेटीला सून जाते, मी जात नाही. गोळ्या विकल्या, त्याची शिक्षा भोगेल. पण म्हाताऱ्यांच्या अन्नातून विकलं असेल, तर तो माझा कुणी नाही.

रविवार, २४ मार्च
आणखी दोन आज्या डबा लावा म्हणून आल्या. पाय मोडून आलेत माझे. छान वाटतंय.

बुधवार, २७ मार्च
फौजदारांचा फोन. रिपोर्ट आला. मीठ. सगळ्या पुड्यांत नुसतं मीठ.

खरं बोलत होता गं माझा!

उद्या भेटीचा दिवस. सुनेला म्हटलं, डबे तू बघ. मी जाते.