हळद शिजवणाऱ्या बायांचा लेख

५ ऑगस्ट २०२४
माफ कर, वही. आठ महिने तुला हात लावला नाही. आज लिहिल्याशिवाय डोकं थाऱ्यावर येणार नाही.

दहा वर्षांपूर्वी एक प्राध्यापक बाई इथं आमच्या कुरुंद्याला आल्या होत्या, हळद शिजवणाऱ्या बायांशी बोलायला. माझ्या बायकोशी, जनकाशी तर दोन दिवस — मला बाहेर बसवून! त्याचा लेख छापला आहे म्हणे. आमच्या लेकीची, ज्योतीची पोरगी आकांक्षा विद्यापीठात शिकते. तिचा फोन आला. "आबा, आजीचं लई बोलणं हाय म्हणतात त्यात. घरातलं बी. काढून पाठवू का?"

नको! मीच जातो म्हणालो.

जनका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परभणीला ज्योतीकडे गेली आहे. त्या बाई गेल्यावर मी तिला विचारलं होतं, काय सांगितलंस? हसली. "जे व्हतं ते."

जे होतं ते म्हणजे काय?

७ ऑगस्ट
एसटीनं विद्यापीठात गेलो. ग्रंथालयातल्या निता मॅडमनी लेखकाचं नाव विचारलं. जनकाबाई तातेराव, म्हणालो. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं.
"बाबा, या नावाचं कुणीच नाही."
"असं कसं? समदं तिनंच सांगितलं की!"
"सांगणारीचं नाही हो, लिहिणारीचं नाव लागतं."
ते कुठं ठाऊक? दोन दिवस त्या बाईंच्या चहाला दूध आणून दिलं, नाव विचारलं नाही. वर्ष कोणतं, अंक कोणता — नुसते प्रश्न! मला वाटलं पेपरासारखा एक कागद असेल. तिथं विटांसारखे बांधलेले अंकांचे गठ्ठे. सातवीच्या शिक्षणाला काय कळणार?

८ ऑगस्ट
झोप नाही. मी तिच्यावर दोनदा हात उचलला. एकदा ज्योती पोटात होती. कुणालाच माहीत नाही. तेच सांगितलं असेल का? तेच छापलं असेल?

११ ऑगस्ट
शेजारच्या पद्माबाईशीही त्या बाई बोलल्या होत्या; तिच्या पेटीत त्यांचं कार्ड निघालं. नाव मिळालं! पद्माबाई म्हणते, "काहून एवढी घाई, भाऊजी? तुमचं काही निघून राहिलं का त्यात?" आणि खो खो हसली. मी कार्ड खिशात घालून निघालो.

१४ ऑगस्ट
लेख सापडला — म्हणजे कुठल्या अंकात आहे ते सापडलं. अंक इथं नाहीच! निता मॅडम दुसऱ्या विद्यापीठाकडून प्रत मागवणार. फॉर्मवर 'कशासाठी हवा' असं होतं. पेन हातात धरून बसलो. शेवटी 'वाचायला' लिहिलं.

२६ ऑगस्ट
कागद मिळाले. बारा पानं. बसस्टँडवरच वाचायला बसलो. अर्धं डोक्यावरून गेलं. बोट ठेवत ठेवत नवव्या पानावर जनका सापडली —
"आमच्या मालकानं मला आजपतोर बोट बी लावलं न्हाई. लिहून घ्या."
पुन्हा वाचलं. तेच. गाडी निघून गेली. मी तिथंच.

२७ ऑगस्ट
जनका, तू खोटं सांगितलंस. वहीतली ही पानं फाडून पाठवतोय. ज्योती तुला वाचून दाखवील — तिलाही कळू दे. मग मी परभणीला येऊ का नको, तेवढं लवकर कळव.