पॅनेलसमोर माझं नाव

१९ सप्टें. २०२१, स्प्रिंगफील्ड लेक्स, ऑस्ट्रेलिया
सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले, दीड वर्ष झालं. विमानं बंद, मी बंद. नात इरा बारावीला. जनावरांची डॉक्टर व्हायचंय. नुसते मार्क पुरत नाहीत म्हणे, मुलाखत हवी. तीही लॅपटॉपवर. जावई निखिलरावांनी बेचाळीस उत्तरं टाइप करून पाठ करायला दिलीत. कळवळासुद्धा पाठ! "आय हिअर यू." मी म्हटलं, ऐकू येतंय तर सांगतेस कशाला?

२२ सप्टें.
सराव. पोक काढून बसते. दर तिसरा शब्द 'लाइक'. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पट्टी मारली असती, म्हटलं.
"आजी, दॅट्स अब्यूज."
बरं.

२७ सप्टें.
यांचं श्राद्ध. गुरुजी व्हिडिओवर, मध्येच गोठले. मागच्या कुंपणावर घास ठेवला: भात, वडा, खीर. कावळा फिरकला नाही. मॅग्पाय, इथला काळा-पांढरा पक्षी, आला आणि वडा उचलून घेऊन गेला. हेही असेच. कुणाची वाट न बघता ताटावर बसायचे.
इरा धावत आली. "आजी, सीरियसली? त्यांची पिल्लं आहेत आत्ता. आपलं मीठ-तेल खाऊन आजारी पडतात."
"तुझ्या आजोबांचा घास आहे."
"आजोबांना शुगर होती. तेव्हा खीर द्यायचीस?"
कार्टी. दिवसभर बोलले नाही.
(द्यायचे. चोरून.)

२९ सप्टें.
आता रोज ठेवते. मी ठेवते, इरा उचलते, मी परत ठेवते. नि.राव म्हणे, "आई, इंटरव्ह्यूपर्यंत तरी घरात शांतता ठेवा." ज्यांनी बेचाळीस वेळा तिचं डोकं खाल्लं त्यांनी सांगावं!

१ ऑक्टो.
मुलाखत झाली. आधी हातावर दही ठेवलं, मुकाट्याने खाल्लं. मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. ऐकत नव्हते. इथली दारंच पुठ्ठ्याची, त्याला मी काय करू?
पॅनेलमधल्या एका बाईंनी विचारलं, तुमचं मुळीच न ऐकणाऱ्या माणसाशी कधी गाठ पडली आहे का? याला नि.रावांचं उत्तर क्र. १७. शाळेतलं ग्रुप प्रोजेक्ट. आता मलाही पाठ आहे.
इराने ते म्हटलंच नाही. म्हणाली, "माय ग्रँडमदर."
टॉवेल हातात तसाच.
सगळं सांगितलं. घास, मॅग्पाय, खीर. म्हणे, मी आधी ओरडले, ते चुकलं. ती पक्ष्याला खायला घालत नाही, आजोबांना जेवायला वाढते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
बाई: मग त्या थांबल्या?
"नॉट येट. पण थांबेल. शी इज स्टबर्न, नॉट स्टुपिड."
परक्यांसमोर! माझ्याबद्दल!
एकदाही 'लाइक' म्हणाली नाही मात्र.
नि.रावांनी कपाळाला हात लावला. "सतरा नंबर सोडून हे काय बोललीस?" मी म्हटलं, तुमचा सतरा नंबर मिळमिळीत होता. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी टॉवेल घेऊन आत गेले.

४ ऑक्टो.
निकाल कधी, कुणी धड सांगत नाही. इरा नखं खाते. मॅग्पाय कुंपणावर बसून मला जाब विचारतो. तीन दिवस काही ठेवलेलं नाही. उगाच. पाय दुखत होते.
'थांबेल' म्हणे. मला न विचारता माझ्या वतीने शब्द देऊन मोकळी! आता मी घास ठेवला की पोरगी पॅनेलसमोर खोटी.
परवा सर्वपित्री. खीर करणारच. ताट कुंपणाशी न्यायचं की यांच्या फोटोपुढे, ठरलेलं नाही. इराने सकाळपासून दोनदा विचारलं. सांगितलं नाही. एका निकालाची वाट बघतेच आहे, आता माझ्याही निकालाची बघू दे.