जोडी क्रमांक अकरा

७ एप्रिल, सोमवार

नऊ पानांचा फॉर्म. शरीरात कुठे धातू बसवलाय का — नाही. बंद जागेत गुदमरतं का — पावस गावची वार्ताहर आहे, बातमीला तीन इंच जागा मिळते, सवय आहे. वेदपठणाचं शिक्षण झालंय का — 'नाही' लिहिलं. खाली सही.

मावसबहिणीची मुलगी उर्वी पुण्याला मेंदूच्या रचनेवर संशोधन करते. लहानपणापासून पाठांतर करणाऱ्यांच्या मेंदूची बांधणी वेगळी होते का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी जोड्या लावते. एकाच घरातला एक शिकलेला, एक न शिकलेला. आम्ही जोडी क्रमांक अकरा. अण्णा, वय ब्याऐंशी, दशग्रंथी. आणि त्यांची मुलगी मी, वय चोपन्न, संस्कृतची एम. ए., पठण शून्य.

शून्य म्हणजे काय, तर अर्धी संहिता येते. अण्णा पडवीत पोरांना संथा द्यायचे, मी आत तांदूळ निवडायची. कान काही निवडायला नव्हते बसले. एवढं येतं हे अण्णांना ठाऊक नाही. उर्वीलाही नाही.

म्हणजे मी खोटी सही केली. दमले होते. उद्या दुरुस्त करू म्हणून झोपते.

८ एप्रिल

दुरुस्त केलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

अण्णांना रिक्षात घालून एमआरआयसाठी रत्नागिरीला नेलं. वाटेत तीनदा विचारलं, "काय गो, कुठे चाललो आपण?" तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीच त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुला ठाऊक नाही आणि मला घेऊन निघालीस?" हे मात्र अगदी जुने अण्णा.

मशीनवर यासीन नावाचा मुलगा. अदबशीर. "आजोबा, चाळीस मिनिटं मान हलवायची नाही." अण्णा बरं म्हणाले. तीनदा चित्र घेतलं, तिन्ही वेळा पुसट. मी काचेतून बघत होते. ओठ बंद, डोळे मिटलेले, आणि मान खाली, सरळ, वर. मनात म्हणत होते. स्वर खाली गेला की मान खाली. सात वर्षांचे असताना गुरूंनी डोक्यावर हात ठेवून ती हलवायला शिकवली, ती आता त्यांच्या ताब्यात नाही.

यासीन हसला. "आमच्या दादांचं हेच झालं, मावशी. ते हाफिज, सगळं कुराण पाठ. आत झोपून डोलत होते."

"मग काय केलंस?"

"त्यांना झोपेचं औषध दिलं डॉक्टरांनी. यांना नको, वय फार आहे."

मग तो अण्णांना म्हणाला, "आजोबा, आत असताना दुसरं काहीतरी मनात आणा ना."

अण्णा म्हणाले, "दुसरं काय आहे?"



१४ एप्रिल, सोमवार

आंब्याची बातमी पाठवली — यंदा माल कमी. दरवर्षी हेच पाठवते, फक्त तारीख बदलते.

उर्वीचा फोन. "मावशी, आजोबांचं नाही जमलं तर तुमची जोडी जाईल. मला एवढ्या वयाचं दुसरं कोणी मिळत नाहीय." रडवेली झाली होती. मी समोरच्या कालनिर्णयाकडे बघत होते. म्हटलं, एकवीसला घे. अष्टमी आहे. अष्टमीला अनध्याय. त्या दिवशी पठण नाही, अण्णांच्या लेखी मनातसुद्धा नाही.

"असं असतं?"

"तुमच्या प्रबंधात नसेल. आमच्याकडे असतं."

२१ एप्रिल, सोमवार

चाळीस मिनिटं अण्णा दगडासारखे. यासीन म्हणाला, एवढं स्वच्छ चित्र जवान माणसाचं येत नाही.

मग मी आत गेले. डोक्याभोवती कुणी पत्रे ठोकावेत तसा आवाज. काय करणार, मनात म्हणायला लागले. मला अनध्याय कोणी घातलेला नाही. मान जराही हलली नाही. स्वैपाकघरात शिकणाऱ्याला मान हलवायची मुभा नसते.

२६ एप्रिल

अण्णा जेवले आणि 'जेवायला वाढ' म्हणाले. वाढलं. खाल्लं नाही.

३ मे, शनिवार

उर्वीचा फोन. आधी अण्णांचं. मेंदूत आठवणी रुजवणारा एक भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. आपल्याकडे जाळ्यात येतो तो. अण्णांचा वयाच्या मानानेही फार आक्रसलाय. डॉक्टरांना दाखवा म्हणाली. मला हे चित्राशिवायही कळत होतं. तरी विचारलं,

"मग संहिता कशी राहिली?"

"फार जुनं असेल तर ते इतरत्रही पसरलेलं असतं. जाईल, पण शेवटी."

मग माझं. "मावशी, बाकी जोड्यांत थोडा तरी फरक आहे. तुमचा तो भाग मात्र शिकलेल्यांच्या बाजूला जाऊन बसलाय. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण कधी काही पाठ केलं होतंत का? गुरुवारी मला आकडे द्यायचेत."

सांगते म्हटलं.

४ मे

नऊ वर्षांची होते. विहिरीवर कपडे धुताना एक सूक्त म्हणत होते, आणि वळून बघते तर अण्णा. ओरडले नाहीत.  दुसऱ्या दिवसापासून संथेच्या वेळी पडवीचं दार लावून घ्यायला लागले. मी फळीला कान लावला, पण पंचेचाळीस वर्षांत त्यांच्यासमोर एक अक्षर उच्चारलं नाही. म्हणायचे ते भांडी घासताना, पुटपुटत, ते झोपलेत असं समजून.

आता सांगायचं, तर ज्याला सांगायचं तो माणूस रोज थोडा थोडा निघून चाललाय.

६ मे, मंगळवार

उर्वीला सांगितलं. मी खोटं लिहिलं, जोडी काढून टाक.  ती म्हणाली, "काढत नाही. ऐकून शिकलेले म्हणून वेगळी नोंद करते. पण नव्या फॉर्मवर शिकवणाऱ्याचं नाव लागेल. आणि सही."

"त्यांनी मला शिकवलं नाही."

"मग कोणी?"

बाई, तू वकील व्हायचीस.

"मावशी, घाबरताय?"

"चोपन्न वर्षांची बाई बापाला घाबरते, हे लिही तुझ्या प्रबंधात. त्याला मशीन लागत नाही."

फॉर्म छापून आणलाय. टेबलावर पालथा ठेवलाय.

८ मे, गुरुवार

सकाळी अण्णा पडवीत म्हणत होते आणि एका ऋचेच्या मध्यावर थांबले. आजवर कधी थांबले नव्हते. मागून घेतलं, तिथेच आले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. चेहरा बघवेना.

मी चुलीपाशी उभी होते. पुढचं चरण म्हटलं. मोठ्याने.

 बाहेरून हाक आली, "बाय, इकडे ये."

गेले. हातात उलथनं तसंच.

"शेवटचा स्वर वर गेला तुझा," अण्णा म्हणाले. "तिथे तू नेहमीच चुकतेस."