कंसातल्या सूचना

तीर्थरूप बाबा,

"नाटकबिटक केलंस तर कॉलेज बंद," असे तुम्ही बजावले होते. संध्याकाळी मी ग्रंथालयात असते, असे मी पत्रातून कळवत होते, ते मात्र खोटे होते. मी तालमीला जात होते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. संहिता पाठ करायची म्हणून मी अख्खी पाठ केली आणि "रडत दाराकडे जाते, मी चालले" असे कंसातल्या सूचनेसकट एका दमात म्हणून दाखवले. सगळे पोट धरून हसले.

"अगं बाई, कंसातलं बोलायचं नसतं, करायचं असतं!" दिग्दर्शिका म्हणाली. मी चपला शोधू लागले, तशी तिने माझा हात धरला. "थांब. हे असंच ठेवू. सूचना तू बोल, बाकीचे तसं वागतील."

काल प्रयोग झाला. मी "सासरे दचकून उठतात" म्हटले की सासरे दचकून उठत. शेवटी "सगळे गप्प होतात" म्हटले, तर भरलेले सभागृहही गप्प झाले. बाबा, माझ्या आवाजाने!

तुमच्यासमोर तोंड उघडवत नाही, म्हणून आजवर सारे लिहूनच कळवले. हे पत्र मात्र पाठवणार नाही. रविवारी घरी येईन आणि पुढच्या प्रयोगाचे आमंत्रण समोर उभी राहून देईन.

तुमची,
थोरली